वॉल्टनची पहिली सिंफनी कशी ऐकावी

विल्यम वॉल्टन या इंग्रज संगीतकाराची पहिली सिंफनी, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली चार भागांची रचना, साधारण ४५ मिनिटे चालते. नव्या श्रोत्याने ती पहिल्याच वेळी सलग ऐकून संपवण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. तिचे पहिले तीन भाग एका दिवशी ऐकावेत, तेथे थांबावे, आणि चौथा भाग त्या तिघांची ओळख पक्की झाल्यावर, काही दिवसांनी ऐकावा. दुसरे असे की, ऐकताना लक्ष सर्वांत वरच्या सुरावलीकडे न देता सर्वांत खाली धरून ठेवलेल्या स्वराकडे द्यावे. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदाची फारशी सवय नसलेल्या श्रोत्यालाही ही रचना उलगडत जाते. विसाव्या शतकातील इंग्लंडने निर्माण केलेल्या थोर सिंफनींमध्ये मी तिची गणना करतो, म्हणून तिच्यासाठी एवढी तयारी करणे मला योग्य वाटते.

तीन भागांनंतर थांबण्याची सूचना या सिंफनीच्या जन्मकथेतूनच येते. वॉल्टन यांचा जन्म १९०२ मध्ये लँकेशायरमधील ओल्डम या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील गायन शिकवीत आणि चर्चचा गायकवृंद सांभाळीत; मुलगा लहानपणीच ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधील गायकवृंदात दाखल झाला. पुढे पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले, तेव्हा सिटवेल या लेखक भावंडांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १९२९ मध्ये व्हिओला कन्चेर्टो (व्हिओला हे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि १९३१ मध्ये लीड्स येथे सादर झालेली ‘बेल्शाझर्स फीस्ट’ ही गायकवृंदासाठीची मोठी रचना यांमुळे तिशीच्या आतच त्यांचे नाव झाले. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाचे तेव्हाचे संचालक (कंडक्टर) हॅमिल्टन हार्टी यांनी १९३२ च्या सुरुवातीस त्यांच्याकडे सिंफनी मागितली ती या पार्श्वभूमीवर. (याच हॅलेमध्ये पन्नाशीच्या दशकात मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत होते. त्यांनी मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला ते वर्ष १९३५, म्हणजे वॉल्टन यांची सिंफनी पूर्ण झाली तेच.)

वॉल्टन मुळातच सावकाश लिहिणारे होते. स्वित्झर्लंडमधील अस्कोना येथे, इमा फोन ड्योर्नबर्ग या जर्मन बॅरोनेसच्या सहवासात त्यांनी बरेच काम केले. पण ते दोघांचे संबंध ताणले जात असतानाचे काम होते आणि पुढे हे संबंध तुटलेच. मधल्या काळात, १९३३ मध्ये, हार्टी हॅलेमधून बाहेर पडून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडे आले. तीन भाग हातात होते, चौथा पुढे सरकत नव्हता, आणि १९३४ मध्ये वॉल्टन यांनी आपले पहिले चित्रपटसंगीतही याच खोळंब्यात लिहिले. अखेर ३ डिसेंबर १९३४ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये हार्टी यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून तीनच भाग वाजवून घेतले. त्या रात्रीचे श्रोते संतापाचा पहिला भाग, खुनशी दुसरा भाग आणि दुःखाचा तिसरा भाग ऐकून घरी गेले. संपूर्ण सिंफनी त्यानंतर अकरा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर १९३५ रोजी, त्याच सभागृहात आणि हार्टी यांच्याच संचालनाखाली, पण बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राकडून सादर झाली. तोवर वॉल्टन यांच्या आयुष्यात ॲलिस विम्बोर्न या नव्या प्रेयसी आल्या होत्या. अर्पणपत्रिका मात्र इमा यांच्याच नावे राहिली. चौथा भाग वेगळ्या मनःस्थितीत लिहिला गेला आहे, हे कानालाही जाणवते. म्हणून नव्या श्रोत्याने १९३४ च्या श्रोत्यांप्रमाणे आधी तीन भागांनिशीच परतावे, हे मला अधिक न्याय्य वाटते.

साधनांची तयारी

ही सिंफनी मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नये. तिचा सारा जोर खालच्या स्वरांवर उभा आहे. डबल बास या सर्वांत मोठ्या तंतुवाद्याच्या खालच्या सप्तकातील बी-फ्लॅट हा स्वर सुमारे ५८ हर्ट्झचा असतो, आणि इतका खालचा स्वर मोबाइलच्या लहानशा स्पीकरमधून जवळजवळ उमटतच नाही; उरतो तो वरचा कलकलाट, आणि मग रचना उगाचच कर्कश आहे असा ग्रह होतो. बरे हेडफोन किंवा घरातील मोठे स्पीकर पुरेसे आहेत. आवाजाची पातळी सुरुवात ऐकून ठरवू नये, कारण सुरुवात अतिशय हळू आवाजात होते. आधी पहिल्या भागाची शेवटची दोन मिनिटे लावून आवाज सोसवेल इतका ठेवावा आणि मग प्रारंभाकडे यावे. प्रारंभी काही ऐकू येत नाही असे वाटले, तरी हात आवरावा. संगीताच्या ॲपमध्ये सगळ्या ध्वनिमुद्रणांचा आवाज एकसारखा करणारी सोय असते, ती बंद करावी, आणि गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे बटणही बंद असल्याची खात्री करावी, कारण चार भाग तेथे चार स्वतंत्र गाण्यांसारखे नोंदलेले असतात.

शोधताना संगीतकाराचे नाव आणि ‘बी-फ्लॅट मायनर’ ही पट्टी पाहावी, कारण वॉल्टन यांची १९६० ची दुसरी सिंफनीही तेथेच सापडते आणि तिचा स्वभाव निराळा आहे. पहिल्या ओळखीसाठी संचालक आंद्रे प्रेविन यांनी १९६६ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह आरसीए कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. प्रेविन लय कधी सैल पडू देत नाहीत, आणि या सिंफनीत लय सैल पडली की तिचा कणाच मोडतो. स्वतः वॉल्टन यांनी फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह १९५१ मध्ये केलेले ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे, पण ते नंतर ऐकावे. स्वरलिपी वाचता येत असेल, तर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेली प्रत मिळवावी. वॉल्टन १९८३ मध्ये वारले, आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे त्यांची स्वरलिपी विनामूल्य संकेतस्थळांवर कायदेशीरपणे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. स्वरलिपी नसल्याने काही फार अडत नाही.

पहिला भाग

पहिल्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. तो साधारण १३ ते १४ मिनिटांचा आहे, त्याला आलेग्रो अस्साई (बराच जलद) अशी वेगाची सूचना आहे, आणि तो निदान दोनदा ऐकल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

प्रारंभी टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांवर बी-फ्लॅटचा अगदी हलका, अखंड घुमारा सुरू होतो. त्यावर हॉर्न ही पितळी वाद्ये एकामागून एक प्रवेश करतात आणि आपापला स्वर धरून ठेवतात, त्यामुळे तळाचा नाद हळूहळू जाड होत जातो. मग दुसऱ्या व्हायोलिनांवर एक अस्वस्थ, तुटक लय धावू लागते आणि तिच्यावर ओबो हे सनईसारखे फुंकवाद्य येते. त्याच्या सुरावलीत आधी लांबवलेले स्वर आणि त्यांच्या टोकाला झटकन पडणारी लहानशी वळणे आहेत. ही सुरावली लक्षात ठेवावी, कारण पुढचे बरेच काही तिच्यापासून घडते. यानंतर चेलो आणि डबल बास खालून गुरगुरत वर येतात. येथपर्यंत सुमारे एक मिनिट जाते, आणि पुढचा साराच भाग या चार गोष्टींच्या ओढाताणीतून उभा राहतो.

पहिल्या वेळी ओबोची सुरावली आणि तिचे प्रवास ऐकावेत. दुसऱ्या वेळी ते सगळे सोडून फक्त तळाचा स्वर धरावा. तो किती वेळ हलत नाही, वरचे सूर त्याच्याशी पटेनासे झाले तरी तो कसा जागा सोडत नाही, आणि अखेर तो सरकतो तेव्हा सगळ्या वाद्यवृंदाची दिशा कशी बदलते, हे ऐकावे. भारतीय संगीत ऐकणाऱ्याला येथे मोठा लाभ आहे, कारण मैफिलीत अखंड वाजणारा षड्ज आपल्या कानात मुरलेला असतो आणि वरच्या प्रत्येक स्वराचे त्याच्याशी असलेले नाते आपण नकळत मापत असतो. तेच माप येथे लावावे. फरक इतकाच ध्यानात ठेवावा की तानपुऱ्याचा षड्ज गायकाला विसावा देतो, तर वॉल्टन यांचा धरलेला स्वर विसावा नाकारतो. वरचे सूर त्याच्यापासून सुटू पाहतात आणि तो त्यांना सुटू देत नाही. या भागात जो राग, जी धग श्रोत्याला जाणवते, ती मोठ्या आवाजापेक्षा या जखडून ठेवण्यातून निर्माण होते. एकदा हे कानाला समजले की, ज्या जागा आधी नुसत्या गोंगाटाच्या वाटल्या होत्या, तेथे कोणता स्वर कोणाला अडवीत आहे हे स्पष्ट ऐकू येऊ लागते.

तळाचा स्वर असा दीर्घकाळ धरून त्यावर लहान लहान आकृत्या रचत नेण्याची ही पद्धत फिनलंडचे संगीतकार सिबेलियस यांची आहे. १९३० च्या दशकातील इंग्लंडमध्ये सिबेलियस यांचा फार मोठा प्रभाव होता, आणि वॉल्टन यांचे मित्र, संगीतकार कॉन्स्टंट लॅम्बर्ट हे सिबेलियस यांचे कट्टर पुरस्कर्ते होते. प्रभाव मान्य करूनही माझा अनुभव असा की, सिबेलियस यांच्या संगीतात जे निसर्गासारखे दूरस्थ आणि निर्विकार वाटते, ते वॉल्टन यांच्याकडे येताना माणसाचे, आणि तेही दुखावलेल्या माणसाचे झाले आहे.

भागाच्या मध्यावर वेग मंदावतो, वाद्यवृंद विरळ होतो आणि बसून (bassoon) हे खालच्या स्वरांचे फुंकवाद्य एकाकीपणे बोलू लागते. पुष्कळ जण येथे लक्ष काढून घेतात. तसे होऊ देऊ नये, कारण येथूनच एक फार मोठी चढण सुरू होते, आणि तिची उंची कळण्यासाठी तिचा पायथा नीट ऐकलेला असावा लागतो. चढण संपते तेथे सुरुवातीचा मजकूर परततो, पण पूर्वीच्या सावकाश मांडणीला आता वाव राहिलेला नसतो. शेवट सगळ्या वाद्यवृंदाच्या प्रहारांनी होतो. तो संपल्यावर दुसरा भाग लगेच सुरू होऊ देऊ नये. थोडा वेळ ॲप थांबवून ठेवावे.

दुसरा आणि तिसरा भाग

दुसरा भाग जेमतेम सहा मिनिटांचा आहे. वॉल्टन यांनी त्याच्या माथ्यावर ‘प्रेस्टो कोन मालित्सिया’ असे लिहिले आहे, म्हणजे अतिजलद आणि खुनशीपणाने वाजवावयाचे. येथे हाताने ताल धरण्याचा मोह होतो, आणि रचना तो प्रत्येक वेळी मोडते: मात्रा अचानक गळतात, आघात भलत्याच ठिकाणी पडतात, आणि धावता वाद्यवृंद एकाएकी गप्प होतो. म्हणून ताल मोजू नये, शांततेच्या जागा तेवढ्या टिपाव्यात. प्रत्येक शांततेनंतर कोणती वाद्ये, किती जोराने परत येतात, एवढे पाहिले तरी या भागाची रचना हाती येते. जुन्या सिंफनींमध्ये अशा जलद भागाच्या मध्यभागी विसाव्याचा एक संथ तुकडा असे. वॉल्टन यांनी तो दिलेलाच नाही. आणि शेवट झाला असे वाटले, तरी पूर्ण थांबेपर्यंत कान सावध ठेवावा.

तिसऱ्या भागाला ‘आंदान्ते कोन मालिंकोनिया’ अशी विषादाची सूचना आहे. तंतुवाद्यांनी धरलेल्या स्वरावर एकटी पाश्चात्त्य बासरी सुरू होते. आता कान तळाच्या स्वराला सरावलेला असल्याने हे ऐकणे सोपे जाते: पहिल्या भागात ज्याने सगळे जखडून ठेवले होते, तसाच धरलेला स्वर येथे थकून पडून राहिल्यासारखा वाटतो. बासरीची सुरावली पुढे कोणते वाद्य उचलते, तंतुवाद्यांकडे ती कशी रुंद होत जाते, आणि भाग शिखरावर पोहोचतो तेव्हा तिच्यात पहिल्या भागातील रागाची किती धग उरली आहे, हे पाहावे. शिखरानंतर सगळे ओसरते आणि बासरी पुन्हा येते. या भागाविषयी याहून अधिक सांगून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तो पहिल्याच वेळी श्रोत्यापर्यंत पोहोचतो.

येथे थांबावे. दोन-तीन दिवस हेच तीन भाग पुन्हा ऐकावेत. या मधल्या काळात काळाचा संदर्भही जाणून घ्यावा. ज्या १९३४ मध्ये हे तीन भाग प्रथम वाजले, त्याच एका वर्षात एल्गार, होल्स्ट आणि डिलियस हे तीन मोठे इंग्रज संगीतकार निवर्तले होते, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये व्हॉन विल्यम्स यांची चौथी सिंफनी लंडनमध्ये सादर झाली, तीही अशीच कठोर आणि प्रक्षुब्ध होती. इंग्रज संगीत म्हणजे कुरणे आणि लोकगीते, ही समजूत या दोन सिंफनींनी मिळून मोडली. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना त्या पहिल्या प्रयोगांची जागा पाहावीशी वाटेल, पण लँगहॅम प्लेसमधील क्वीन्स हॉल मे १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात जळून गेला आणि पुन्हा बांधला गेला नाही.

चौथा भाग

चौथ्या भागाची सुरुवात बी-फ्लॅट मेजर या पट्टीत, भारदस्तपणे होते. तो ऐकताना दोन गोष्टींची तयारी ठेवावी. पहिली गोष्ट वाद्यांची: पहिल्या तीन भागांत तालवाद्यांपैकी फक्त टिंपनी होती. येथे टिंपनी वाजवणारे दोघे होतात, आणि झांजा, साइड ड्रम व टॅम-टॅम (मोठी धातूची घणघणणारी थाळी) यांचा प्रवेश होतो. तीन भाग वारंवार ऐकलेल्या कानाला हा बदल एकदम उजेड पडावा तसा जाणवतो, आणि मध्ये थांबून राहण्याचा एक मोठा लाभ हाच आहे.

दुसरी गोष्ट फ्यूगची. हा भाग अडला असता लॅम्बर्ट यांनी फ्यूग लिहिण्याचे सुचवले, आणि फ्यूग कसा लिहितात ते आपल्याला येत नाही असे वॉल्टन म्हणाले, तेव्हा ग्रोव्हच्या संगीतकोशात त्यावर दोन-चार चांगली पाने आहेत, ती वाचा, असे लॅम्बर्ट यांनी सांगितले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. फ्यूगमध्ये एक छोटी सुरावली आधी एकटी येते. मग दुसरे वाद्य तीच वेगळ्या स्वरावरून सुरू करते आणि पहिले वाद्य तिच्या सोबतीला दुसरे काही वाजवू लागते. मग तिसरे, चौथे. श्रोत्याने एवढेच करावे की ती सुरावली प्रत्येक वेळी जेथे नव्याने सुरू होते, तेथे मनात खूण करावी, आणि आधीच्या वाद्यांचा माग सोडून द्यावा. सगळे धागे एकाच वेळी पकडू पाहणारा श्रोता थकतो. या भागात फ्यूगचे असे दोन टप्पे येतात आणि दुसरा अधिक वेगवान आहे.

हा शेवट आधीच्या तीन भागांना साजेसा नाही, तो बाहेरून जोडल्यासारखा वाटतो, अशी टीका सुरुवातीपासून होत आली आहे. मला ती अर्धीच पटते. पहिल्या भागाइतकी घट्ट वीण येथे नाही, हे मान्य करावे लागते. परंतु आधीच्या दुःखाचे उत्तर याच दुःखातून निघायला हवे, हा आग्रह कोठून आला? माणूस कधी कधी दुःख सोडवून नव्हे, तर त्याच्यापासून चालत दूर जाऊन सावरतो, आणि या भागात मला तेच ऐकू येते. शेवटाच्या जवळ एकटा ट्रम्पेट वाजतो, त्याच्यात सैनिकी मानवंदनेच्या सुरांची छाया आहे; तेथे मागचे काही विसरले गेलेले नाही हे स्पष्ट होते. यानंतर भारदस्त सुरुवात परतते आणि शेवटी पूर्ण वाद्यवृंदाचे प्रहार येतात, त्यांच्यामध्ये मोकळ्या शांततेचे अंतर असते. सिबेलियस यांच्या पाचव्या सिंफनीचा शेवटही असाच, शांततेने विलग केलेल्या सहा प्रहारांनी होतो. ती दोन-तीन मिनिटे शेजारी ठेवून ऐकावीत, म्हणजे वॉल्टन यांनी काय घेतले आणि त्याचे काय केले, हे थेट कळेल.

चारही भाग ओळखीचे झाल्यावरच ते सलग ऐकावेत. त्यासाठी पुन्हा प्रेविन यांच्याकडे न जाता आता वॉल्टन यांचे स्वतःचे १९५१ चे ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यानंतर हार्टी यांनी पूर्ण सिंफनीच्या पहिल्या प्रयोगानंतर महिनाभरात, डिसेंबर १९३५ मध्ये, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह डेक्का कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे. ते जुन्या तबकड्यांवरचे असल्याने त्यात खरखर आहे आणि तळाचे स्वर पुसट आहेत, म्हणूनच ते पहिल्या ओळखीसाठी उपयोगाचे नाही. पण एव्हाना कान ते स्वर स्वतःच भरून काढतो, आणि ज्यांनी ही सिंफनी मागितली, तिच्यासाठी थांबून राहिले आणि दोन्ही वेळा ती प्रथम लोकांसमोर आणली, त्यांची तिच्याविषयीची निकड त्यात ऐकू येते.